गाईच्या गळ्यात जीपीएस, वावरावर उपग्रह: जनावरांचा माग आणि पिकाचं आच्छादन कसं मोजतात?

"गाईच्या कानात सरकारी बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे. मग हरवलेली गाय मोबाईलवर दिसत का नाही?" हा प्रश्न गावातल्या कुठल्याही पोराला पडतो. आणि प्रश्न बरोबरच आहे. आपल्या खिशातला फोन आपण कुठल्या चौकात उभे आहोत ते सांगतो, मग सकाळी आखरावरून निघालेली, संध्याकाळी परत न आलेली गाय तो का दाखवत नाही?

दुसरा प्रश्नही याच वावरातला आहे. उपग्रहाला आपलं शेत खरंच दिसतं का? दिसत असेल, तर त्यात पऱ्हाटी आहे की तूर, हे त्याला कळतं का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांचं उत्तर एकत्र शोधावं लागतं. गाय कुठे आहे हे कळलं, पण तिथं जमिनीवर काय उभं आहे हे माहीत नसेल, तर तो नकाशावरचा नुसता ठिपका. म्हणूनच चराईवर काम करणारे संशोधक जनावरांचा माग आणि जमिनीवरचं हिरवं आच्छादन एकावर एक ठेवून बघतात. यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, सागाचं जंगल, चराईची जमीन आणि वाघ हे सगळं एकमेकांना खेटून आहे. त्यामुळे हा विषय इथं नीट समजून घेण्यासारखा आहे.

थोडक्यात

- कानातला पिवळा बिल्ला ही जनावराची ओळख आहे. त्यात जीपीएस नसतं.
- जागा कळण्यासाठी गळ्यात वेगळा पट्टा लागतो. त्याची खरी अडचण बॅटरी आणि नेटवर्कची असते.
- उपग्रह पिकाचं नाव वाचत नाही, हिरवेपणा मोजतो. त्या मोजमापाला एनडीव्हीआय म्हणतात.
- दोन्ही नकाशे एकत्र केले तर चारा, नुकसान आणि धोका यांचा अंदाज येतो. पण धुऱ्यावरचं भांडण त्यावर सोडवता येत नाही.

बिल्ला म्हणजे ट्रॅकर नाही

गाई-म्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड छापलेला असतो. याला 'पशु आधार' असंही म्हणतात. या क्रमांकावर जनावराची जात, वय, लसीकरण, रेतन, आजार आणि मालक यांची नोंद होते. ही माहिती आता केंद्राच्या 'भारत पशुधन' या प्रणालीत जमा होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली आहेत.

पण बिल्ला स्वतः काहीच करत नाही. त्यात बॅटरी नाही, चिप नाही, अँटेना नाही. तो प्लास्टिकचा तुकडा आहे आणि कुणीतरी जवळ जाऊन नंबर वाचला तरच तो उपयोगी पडतो. गाडीच्या नंबर प्लेटसारखंच. नंबर प्लेटवरून मालक कळतो, गाडी आत्ता कुठे आहे ते कळत नाही.

म्हणून बिल्ला कुचकामी आहे असं नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार आणि वाहतूक थांबवावी लागली होती. अशा वेळी कुठलं जनावर कुठल्या गावचं, त्याला लस झाली का, हे क्रमांकावरूनच कळतं. हाही मागच आहे, फक्त तो तासातासाचा नसून नोंदीनोंदीचा आहे.

मग जागा कशी कळते?

जागा सांगणारा पट्टा तीन कामं करतो.

*१. स्वतःची जागा शोधणं.* जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचा संदेश पाठवतात. पट्ट्यातली चिप निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकते आणि ते पोचायला किती वेळ लागला यावरून आपली जागा काढते. इथं एक मोठा गैरसमज आहे. उपग्रह गाईला 'बघत' नाही. गाय कुठे आहे हे उपग्रहाला माहीतच नसतं. ते फक्त पट्ट्याला कळतं.

*२. ती जागा तुमच्यापर्यंत पोचवणं.* यासाठी वेगळं साधन लागतं. सिमकार्ड असलेला पट्टा मोबाईल नेटवर्कवर चालतो. रेंज गेली की तो मुका होतो, फार तर नोंदी साठवून नंतर पाठवतो. दुसरा प्रकार लोरा या रेडिओ पद्धतीचा. त्यात गावात उंच जागी एक रिसीव्हर बसवतात आणि पट्टे अगदी कमी विजेत छोटे संदेश त्याच्याकडे पाठवतात. मोकळ्या माळावर हे काही किलोमीटरपर्यंत पोचतं. टेकडी किंवा दाट साग मध्ये आला की अंतर घटतं.

*३. बॅटरी टिकवणं.* सगळं गाडं इथं अडतं. दर ५ मिनिटांनी जागा घेतली तर दिवसाला २८८ नोंदी होतात. दर तासाला घेतली तर फक्त २४. पहिल्या पद्धतीत गाईची वाट नीट दिसते, पण बॅटरी लवकर संपते. दुसरीत बॅटरी टिकते, पण गाय मधल्या तासात कुणाच्या वावरात जाऊन आली ते कळत नाही. म्हणून काही पट्ट्यांवर छोटं सोलर पॅनल असतं.

एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग गाईला बांधून चालतील का? त्यात जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या लोकांच्या फोनच्या भरवशावर ते जागा सांगतात. शहरातल्या गर्दीत ठीक आहे. रानात गुराख्याशिवाय कुणी नसतं, आणि त्याच्याकडे त्याच कंपनीचा फोन असेलच असं नाही. शिवाय त्यातली बटण बॅटरी जनावराच्या पोटात गेली तर जिवावर बेततं.

यवतमाळचा सगळ्यात प्रसिद्ध पट्टा

या जिल्ह्यातलं सगळ्यात गाजलेलं जीपीएस पट्ट्याचं उदाहरण गाईचं नाही, वाघाचं आहे. केळापूर तालुक्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बसवला गेला. भारतीय वन्यजीव संस्थेचे संशोधक त्याचा माग ठेवत होते. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरमधून बाहेर पडला आणि तेलंगणाची हद्द ओलांडून, विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे तुडवत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर. साधारण तासाला एक या हिशेबाने ५,००० पेक्षा जास्त नोंदी मिळाल्या. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. २०२० मध्ये त्याचा पट्टा काढला.

यातून आपल्या कामाचं काय निघतं? ते ५,००० ठिपके नुसते बघितले तर वेडीवाकडी रेघ दिसते. तीच रेघ जमिनीच्या नकाशावर ठेवली की कळतं, वाघ शेतांमधून, नाल्यांच्या कडेनं, माणसांच्या वस्तीजवळून गेला आणि तरी बहुतेकांना दिसला नाही. रेघेला अर्थ खालच्या नकाशाने दिला. गाईच्या बाबतीतही नेमकं तेच आहे.

ठिपका किती खरा?

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आसपास चुकतं. झाडाखाली, गोठ्याच्या पत्र्याखाली, दरीत चूक वाढते. आता हिशेब करा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी धरलं तर बाजू जेमतेम ६४ मीटर. धुऱ्यापासून ३ मीटर अलीकडे उभी असलेली गाय नकाशावर शेजाऱ्याच्या कपाशीत दिसू शकते, आणि खरंच शिरलेली गाय बाहेरही दिसू शकते.

गावात ढोरं पिकात शिरण्यावरून होणारी भांडणं लहान नसतात. कोंडवाड्यापर्यंत, कधी पोलीस ठाण्यापर्यंत जातात. अशा वेळी "मोबाईलवर दिसतंय" हा पुरावा म्हणून पुढे करू नका. एकटा ठिपका नेहमी संशयास्पद धरायचा. लागोपाठ अनेक ठिपके वावराच्या मध्यावर पडले असतील, तर मात्र बोलण्यासारखं काहीतरी आहे.

दुभत्या गाईला पट्ट्याचा दुसरा फायदा

जगभर डेअरीत पट्टे लावतात ते बऱ्याचदा गाय शोधायला नव्हे, तर तिची हालचाल मोजायला. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ते ज्या सेन्सरमुळे होतं तोच एक्सेलरोमीटर पट्ट्यात असतो. गाय किती चालली, किती वेळ रवंथ केला, किती वेळ बसली हे त्यावरून कळतं.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज काही तासच टिकतो. तो रात्री येऊन गेला आणि लक्षात आला नाही, तर पुढचे २१ दिवस वाया. माजावर आलेली गाय जास्त चालते, अस्वस्थ होते. सेन्सरला तो फरक दिसतो आणि मोबाईलवर सूचना येते. रवंथ अचानक कमी झाला तर ती आजाराची पहिली खूण असू शकते.

घरी दोनच गाई असतील आणि रोज दोन वेळा धार काढताना त्यांच्याकडे लक्ष असेल, तर हे काम डोळ्यांनी फुकटात होतं. गोठा मोठा असेल तर हिशेब बदलतो.

आता वरून: पिकाचं आच्छादन

पिकाचं आच्छादन म्हणजे वरून बघितलं तर जमिनीचा किती भाग हिरव्या पानांनी झाकलाय. पेरणीनंतर काळी माती जास्त दिसते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीच्या ओळी भरून येतात, सोयाबीन काढलं की पुन्हा माती.

उपग्रह हे रंगावरून मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. मातीत हा फरक फारसा नसतो. यावरून सूत्र तयार झालं:

एनडीव्हीआय = (अवरक्त − लाल) ÷ (अवरक्त + लाल)

समजा भरलेल्या कपाशीवरून अवरक्त ०.५० आणि लाल ०.०५ परत आला. वजाबाकी ०.४५, बेरीज ०.५५, उत्तर सुमारे ०.८२. उघड्या मातीवरून ०.१५ आणि ०.१० आला तर उत्तर ०.२. आकडा १ च्या जवळ म्हणजे दाट हिरवळ, ० च्या जवळ म्हणजे माती किंवा वाळलेलं.

*चौकोन केवढा, हे महत्त्वाचं.* युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर असतो, म्हणजे एका एकरात सुमारे ४० पिक्सेल. जुन्या मोडिस सेन्सरचा पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे जवळपास १५ एकरांचा एकच ठिपका. त्यात आपलं, शेजाऱ्याचं आणि मधल्या नाल्याचं सगळं एकत्र कालवलेलं. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ वरचा लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत बारकाईनं बघतो.

*ढग आडवे येतात.* सेंटिनेल-२ ची जोडी दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जाते. पण खरिपात, म्हणजे नेमकं पीक वाढत असताना, विदर्भावर ढग असतात आणि फोटोत पांढरा कापूसच कापूस दिसतो. अशा वेळी रडार उपग्रह कामी येतात. ते स्वतःच्या लहरी पाठवून परत आलेल्या लहरी मोजतात, त्यामुळे ढग आणि रात्र दोन्हींत चालतात. सेंटिनेल-१ हे काम करतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रहही रडारचाच आहे आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेचं मोजमाप करतो.

*नाव कळत नाही.* एकदाच घेतलेल्या एनडीव्हीआयला कपाशी, तूर आणि गाजर गवत सारखंच हिरवं. निंदण न झालेलं वावर उलट जास्त 'चांगलं' दिसू शकतं. पीक ओळखायचं तर पूर्ण हंगामाचा चढ-उतार बघावा लागतो आणि जमिनीवरची खरी नोंद हाताशी लागते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेली ई-पीक पाहणी त्यासाठी कामाची आहे. शेतकरी स्वतः वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि फोटोसोबत जागाही नोंदली जाते. म्हणून घरी बसून कुठलाही फोटो टाकायचा नाही. सातबाऱ्यावर चुकीचं पीक चढलं तर नुकसान शेवटी आपलंच होतं.

दोन नकाशे एकत्र केले की काय दिसतं?

*चारा कुठे उरलाय.* विदर्भात सरकारी चराईच्या जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात. पावसाळ्यानंतर कुठल्या ई-क्लासवर हिरवळ टिकली आणि कळप कुठे जास्त वेळ थांबतो, हे जोडून बघितलं तर कुठली जागा जास्त चरून उघडी पडतेय ते कळतं. मग काही दिवस ती मोकळी सोडण्याचा निर्णय ग्रामसभेत आकड्यांसह मांडता येतो.

*फरदड आणि बोंडअळी.* २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं यवतमाळसह कापूसपट्ट्याला रडवलं. तेव्हापासून कृषी विभागाचा सल्ला ठाम आहे: डिसेंबर-जानेवारीत कपाशीचा हंगाम संपवा, फरदड घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर वावरात जनावरं, शेळ्या-मेंढ्या चरू द्या. किडकी बोंडं खाल्ली गेली की अळीचं पुढचं पीक कमी होतं. फेब्रुवारीत कोरडवाहू पट्ट्यात एखादं वावर हिरवं दिसत असेल तर तिथं फरदड उभी असण्याची शक्यता तपासता येते. इथं कळपाची जागा आणि पिकाचं आच्छादन एकाच कामाला जुंपलं जातं. मात्र वावरात अलीकडे फवारणी झाली का, हे उपग्रहाला दिसत नाही. ते मालकाला विचारूनच जनावरं सोडायची.

*कोवळी ज्वारी.* फुलोऱ्याआधीची, विशेषतः पावसानं ताण दिलेली ज्वारी जनावरांना विषारी ठरते. तिच्यातून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. याला किराळ लागणं म्हणतात. नकाशावर ही जागा छान हिरवी दिसते. म्हणजे हिरवं दिसलं म्हणून ते सुरक्षित असतंच असं नाही. जनावर थरथरायला लागलं, धापा टाकायला लागलं तर ॲप उघडत बसू नका. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा.

*वाघाची वाट.* टिपेश्वरच्या आसपासच्या गावांत गुराख्याला हा धोका रोजचा आहे. जंगलाच्या कडेला गाय थांबलीय आणि अंधार पडतोय, एवढं वेळेवर कळलं तर कळप आधी वळवता येतो. पण ठिपका बघून रात्री एकट्यानं जंगलात गाय आणायला जाणं हा या तंत्रज्ञानाचा सगळ्यात वाईट उपयोग. गाईपेक्षा माणूस मोठा.

आभासी कुंपण म्हणजे काय?

नॉर्वेची नोफेन्स आणि न्यूझीलंडची हॉल्टर या कंपन्यांचे पट्टे एक पाऊल पुढे जातात. मालक फोनवर बोटानं हद्द आखतो. जनावर हद्दीजवळ गेलं की पट्टा आवाज किंवा कंपन देतो. तरी पुढे गेलं तर विजेचा हलका झटका. काही दिवसांत जनावर आवाजावरच वळायला शिकतं.

हे मोठ्या, सलग कुरणांवर चालतं. आपल्याकडे एक-दोन एकरांचे तुकडे आणि ५ मीटरची चूक, म्हणजे अर्धा धुरा तिथंच गेला. शिवाय गावचा कळप अनेक मालकांचा असतो. सगळ्यांनी पट्टा घेतल्याशिवाय कुंपणाला अर्थ नाही.

स्वतः करून बघा

१. फोनच्या नकाशात आपल्या वावरावर बोट दाबून ठेवा आणि अक्षांश-रेखांश लिहून घ्या. यवतमाळ शहर सुमारे २०.३९ उत्तर, ७८.१२ पूर्व आहे. दशांशानंतरचा चौथा अंक सुमारे ११ मीटरचा, पाचवा सुमारे १ मीटरचा. त्यामुळे पाच अंक पुरेत.

२. ब्राउझरमध्ये कोपर्निकस ब्राउझर उघडा. ते मोफत आहे. तो आकडा टाकून वावर शोधा.

३. सेंटिनेल-२ निवडा, ढग नसलेली तारीख निवडा आणि एनडीव्हीआयचा थर लावा.

४. ऑक्टोबर आणि मार्च या दोन महिन्यांतली एकेक तारीख घेऊन तुलना करा. काय बदललं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. उपग्रहाला न कळलेलं कारण त्यांना माहीत असतं.

पट्टा घेण्याआधी चार प्रश्न विचारा

- आमच्या चराईच्या जागेत या सिमची रेंज आहे का? आधी तिथं उभं राहून आपला फोन तपासा.
- बॅटरी किती दिवस टिकते, आणि ती किती मिनिटांच्या नोंदीवर?
- दर महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी किती? पट्टा स्वस्त आणि वर्गणी महाग असा प्रकार असतो.
- माहिती कुणाकडे जाते? दूध किती, गाय कुठे, गाभण आहे का, हे व्यापाऱ्याच्या कामाचं आहे आणि चोराच्याही. नोंदी काढून घेता आणि पुसता येतात का ते बघा.

नेहमीचे प्रश्न

*बिल्ल्याचा नंबर टाकून हरवलेली गाय सापडेल का?* जागा दिसणार नाही. पण कुणाला गाय सापडली तर नंबरवरून मालकाची नोंद निघू शकते. म्हणून नंबरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवाच.

*एनडीव्हीआय कमी म्हणजे पीक गेलं का?* नाही. पीक पक्व झालं, पानगळ झाली, काढणी झाली, तरी आकडा घटतो. आजूबाजूची वावरं आणि मागच्या वर्षीचा तोच महिना यांच्याशी तुलना करा.

*पीकविमा उपग्रहावरून ठरतो का?* पूर्णपणे नाही. पीकविमा योजनेत उत्पादनाचा अंदाज काढायला उपग्रहाची माहिती आता काही पिकांसाठी वापरली जाते, पण पीक कापणी प्रयोगही सुरू आहेत.

*सल्ला कुणाला विचारायचा?* चारा आणि पिकासाठी कृषी विज्ञान केंद्र, जनावरासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना.

आखरावर गाई सोडताना गुराखी एक नजर कळपावर आणि एक नजर रानावर टाकतो. कुठलं वावर उभं आहे, कुठलं मोकळं झालंय, कुठली गाय वांड आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. पट्टा आणि उपग्रह मिळून तेवढंच करू बघतात. म्हणून गावात असा प्रयोग करायचा झाला, तर पहिली बैठक त्याच्यासोबत घ्या. नकाशातल्या चुका सगळ्यात आधी त्यालाच दिसतील.